अगॅलॉकचे पाच अल्बम, दहा जोड्या आणि एक ओला हिवाळा

अगॅलॉक या बँडच्या पाच अल्बमांची क्रमवारी लावायला मला ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ एवढा काळ लागला. ज्यांना बँड माहीत नाही त्यांना हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटेल. ज्यांना माहीत आहे ते म्हणतील, "यात काय एवढं? 'द मँटल' पहिला, विषय संपला." मी लिहितोय ते तिसऱ्याच माणसासाठी. जो आवडत्या बँडची यादी करायला हौसेने बसला, खालचे दोन नंबर पटकन लावून मोकळा झाला आणि वरच्या तिघांपाशी येऊन अडकला.

आधी थोडी ओळख. अगॅलॉक अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. गायक-गिटारवादक जॉन हॉम, दुसऱ्या गिटारवर डॉन अँडरसन आणि बेसवर जेसन वॉल्टन हे तिघं पाचही अल्बमांत आहेत, ड्रमर बदलत गेले. अल्बम असे: 'पेल फोकलोअर' (१९९९), 'द मँटल' (२००२), 'अ‍ॅशेस अगेन्स्ट द ग्रेन' (२००६), 'मॅरो ऑफ द स्पिरिट' (२०१०) आणि 'द सर्पंट अँड द स्फिअर' (२०१४). मे २०१६मध्ये बँड फुटला, २०२३मध्ये परत उभा राहिला. संगीतात ब्लॅक मेटल या काळोख्या, वेगवान प्रकाराचा किंचाळता गळा आणि ट्रेमोलो रिफ (गिटारचे सूर झपाट्याने छेडत वाजवलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चाली) आहेत, पण जोडीला अकूस्टिक गिटार, डूम मेटलचा संथपणा आणि पोस्ट-रॉकसारखी हळूहळू चढत जाणारी लांबलचक गाणीही आहेत. कट्टर मंडळी याला ब्लॅक मेटल मानत नाहीत. पुढे 'अ‍ॅटमॉस्फेरिक' लावलं की भांडण जरा निवतं, एवढंच.

मी नोकरीनिमित्त हिल्सबरोला राहतो, म्हणजे पोर्टलंडच्या अगदी शेजारी. पुण्यातल्या कॉलेजच्या मित्राने सप्टेंबरात फोनवर विषय काढला. "तू तर त्यांच्याच गावात जाऊन बसलायस. लाव बघू पाचांचे नंबर. आणि नुसती यादी पाठवू नकोस, कारणं पाहिजेत." आम्ही दोघांनी एकाच हॉस्टेलच्या खोलीत, एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून 'अ‍ॅशेस' ऐकलेला. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

नियम ठरवण्यातच ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गेला. पहिला प्रश्न ईपींचा, म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डांचा. या बँडच्या ईपी साध्यासुध्या नाहीत. २०१२च्या 'फॉस्टियन एकोज'मध्ये वीस मिनिटांहून लांब असं एकच गाणं आहे, आणि २००८ची 'द व्हाइट ईपी' बऱ्याच जणांना अर्ध्या अल्बमांपेक्षा आवडते, मलाही. पण ईपी घेतल्या की डेमो का नाही, डेमो घेतले की लाइव्ह का नाही, असं शेपूट वाढत जातं. म्हणून फक्त पूर्ण लांबीचे अल्बम. दुसरा नियम, अल्बम सलग ऐकायचा, एकाच बैठकीत, एकही गाणं न ओलांडता. तिसरा, हेडफोन एकच, वायरवाला, शेवटपर्यंत तोच. चौथा, कुणाचीही यादी वाचायची नाही. हा चौथा पाळायला सगळ्यात अवघड. फोन हातात घेतला की कोणी ना कोणी रँकिंग घेऊन हजरच असतं.

आणि पाचवा नियम आवाजाचा. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरोघरच्या याद्या इथेच बिघडतात. वेगवेगळ्या काळातले अल्बम आवाजाच्या वेगवेगळ्या पातळीवर मास्टर केलेले, म्हणजे अंतिम स्वरूपात तयार केलेले, असतात. नॉब त्याच जागी ठेवून जुना आणि नवा अल्बम पाठोपाठ लावला तर जो मोठ्याने वाजतो तो जास्त 'दमदार' वाटतो. कानाची ही खोड आहे, त्यात आपल्या आवडीचा संबंध नसतो. माझ्याकडे 'पेल फोकलोअर' दबका आणि 'अ‍ॅशेस' दणदणीत वाजत होता. उपाय सोपा आणि फुकट आहे. सीडी संगणकावर उतरवून घ्यायच्या, रिप्लेगेनची (आवाजाची पातळी आपोआप जुळवण्याची) सोय असलेल्या कुठल्याही प्लेअरमध्ये अल्बमच्या हिशोबाने पातळी समान करायची. गाण्याच्या हिशोबाने करू नका. तसं केलं की संथ अकूस्टिक गाणं आणि त्यानंतरचा गोंगाट एकाच उंचीवर येतात आणि अल्बमचा चढउतारच सपाट होतो.

मग सीडी जमवणं. फाइली विकत घेऊन काम भागलं असतं, पण मला पुस्तिका हातात हव्या होत्या. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात 'पेल फोकलोअर' ८ डॉलरला, 'द मँटल' ९ला आणि 'अ‍ॅशेस' १२ला मिळाला. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे लेबलवर आकडा असतो तेवढेच पैसे द्यायचे. 'द मँटल'च्या डबीचं बिजागर तुटलेलं होतं आणि आत आधीच्या मालकाने पेन्सिलने दोन गाण्यांपुढे फुल्या मारलेल्या. त्या आवडीच्या की नावडीच्या, कळायला मार्ग नाही. 'मॅरो' टपालाने मागवला, १४ अधिक ४ पाठवणावळ. ते पाकीट कुठल्याशा छाननी केंद्रात जाऊन बसलं आणि ट्रॅकिंगवर रोज तोच एक ओळीचा मजकूर. विक्रेत्याला लिहिलं, तो म्हणाला टपालवाल्यांना विचारा. टपालाच्या फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' असा रकाना होता, त्यात 'संगीत, सीडी, एक' एवढंच लिहिलं. फॉर्म भरल्यावर चार दिवसांनी पाकीट आपोआप दारात. 'सर्पंट' लायब्ररीत होता, पण दुसऱ्या शाखेत. होल्ड टाकला, माझ्यापुढे रांगेत आणखी दोघं निघाले! २०१४च्या मेटल अल्बमसाठी रांग, हे बघून गाव आवडायला लागलं. टीप एवढीच की लायब्ररीची सीडी आली की त्याच दिवशी डोळ्यांसमोर धरून तपासा. मला मिळालेल्या सीडीवर एक बारीक गोल ओरखडा होता, पुसून, सावकाश वेगाने संगणकावर उतरवून काम झालं.

एकूण खर्च ४७ डॉलर. मॅक्स या पोर्टलंड भागातल्या शहरी ट्रेनचा दिवसाचा पास ५ डॉलर, तो वेगळा. कारण ऑक्टोबरअखेर एका रविवारी मी ब्लू लाइन धरून पोर्टलंडच्या मध्यवस्तीत गेलो होतो. 'द मँटल'च्या मुखपृष्ठावर करड्या आकाशाखाली उभं असलेलं जे शिंगांचं हरीण आहे ते तिथलं, १९०० सालचा ब्राँझचा एल्क, रोलंड हिंटन पेरीने घडवलेला. मेन स्ट्रीटवर, दोन बागांच्या मधोमध रस्त्यातच त्याचं कारंजं होतं. २०२०च्या आंदोलनांत खालच्या दगडी कारंज्याला आगी लागल्या, नुकसान झालं आणि जुलैत पुतळा हलवला. मी गेलो तेव्हा जागा रिकामी होती. कॉफी घेतली आणि परत आलो. यादीवर या यात्रेचा काहीही परिणाम होऊ दिला नाही, असं माझं म्हणणं आहे.

पहिली फेरी प्रकाशनक्रमाने, दर शनिवारी एक. रेघांच्या वहीत प्रत्येक अल्बमला दोन पानं, डावीकडे मिनिटांचे आकडे, उजवीकडे जे वाटेल ते. गुण द्यायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. दहापैकी साडेसात आणि आठ यांत फरक काय, हे दुसऱ्या आठवड्यात स्वतःलाच सांगता येत नाही.

'पेल फोकलोअर' वाईट नाहीच. सुरुवातीलाच तीन भागांची एकोणीसेक मिनिटांची रचना टाकायची, तीही पहिल्याच अल्बमात, ही धिटाई आहे. गिटारची दुपदरी चाल कानात राहते. पण कीबोर्ड आता जुनाट वाटतो आणि ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे. 'द मँटल' ६८ मिनिटांचा. इथे ब्लॅक मेटल बरंच मागे सरकतं, अकूस्टिक गिटार पुढे येते. ड्रम्सही हॉमनेच वाजवलेत, साधे, थोडे अवघडलेले, आणि त्या संथ चालीला तेच शोभतात. दुसरंच गाणं पंधरा मिनिटांच्या जवळ जातं आणि एकदाही घड्याळाकडे लक्ष जात नाही. शेवटच्या गाण्यात अकॉर्डियन आणि मँडोलिन आहे. बायको तेवढ्यापुरती स्वयंपाकघरातून डोकावली. "हा ओरडणारा कुठे गेला? बरं वाटतंय ना आता." आदल्या आठवड्यात तिने "अरे, त्याला कोणीतरी पाणी द्या" असं सुचवलं होतं.

तिसरा शनिवार ११ नोव्हेंबरचा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा. त्या दिवशी मंडळाचा कार्यक्रम, घरात चकल्यांची गडबड. एक तास कोणी न हटकता मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून 'अ‍ॅशेस' पुढे सोमवारी रात्री ऐकला. नियम मोडला नाही, वार बदलला. 'अ‍ॅशेस' पाचांत सगळ्यात धारदार. आवाज भरीव, रिफ थेट अंगावर येणारे. पहिली तीन-चार गाणी ऐकताना वाटतं की निकाल लागला. मग शेवटी तीन भागांची रचना येते आणि तिचा तिसरा भाग म्हणजे सातेक मिनिटांचा निव्वळ गुरगुराट. ना सूर ना ताल.

'मॅरो ऑफ द स्पिरिट'शी माझं आधी जमलं नव्हतं. २०१०मध्ये तो आला तेव्हा 'अ‍ॅशेस'च्या चकचकीतपणानंतर हा मातकट आवाज कशाला, असं आम्ही दोघंही म्हणालो होतो. बँडने तो पोर्टलंडमध्येच, जुन्या धाटणीच्या अ‍ॅनालॉग सामग्रीवर मुद्दाम तसा केलेला. सुरुवात वाहत्या पाण्याच्या आवाजाने आणि जॅकी पेरेझ ग्रॅट्झच्या चेलोने होते. गिटार नाही, गळा नाही. आणि ते संपतं न संपतं तोच ईसॉप डेकरचे ब्लास्ट बीट (ड्रम्सचा अतिवेगवान सलग मारा) असे कोसळतात की हेडफोन काढावासा वाटतो. डेकरचा अगॅलॉकबरोबरचा हा पहिला अल्बम. बँडला ड्रमर मिळाला म्हणजे काय होतं, ते इथे कळतं. मधे सतरा मिनिटांहून लांब गाणं आहे, त्यात हॉम कुजबुजतो, मग हंबरतो, मग जे काही करतो त्याला शब्द नाही. वहीत उजव्या पानावर त्या ठिकाणी मी फक्त मिनिट लिहून ठेवलं आहे.

'सर्पंट'बद्दल थोडक्यात. विषय अवकाश, निर्माता बिली अँडरसन, वादन पाचांत सर्वांत सफाईचं. मधे नॅथनिएल लारोशेट या कॅनेडियन गिटारवादकाचे तीन छोटे अकूस्टिक तुकडे आहेत, पैकी दोघांची नावं भुजंगधारीने दुभागलेल्या सर्प तारकासमूहाच्या डोक्यावरून आणि शेपटीवरून. कल्पना सुरेख. पण दहा मिनिटांच्या पहिल्याच गाण्यात मन भरकटलं, आणि शेवटाकडचं मोठं वाद्यसंगीत सोडलं तर ते परत नीटसं आलं नाही.

डिसेंबरपासून जोड्या. ही पद्धत मनापासून सुचवेन. पाचांकडे एकदम बघायचंच नाही. दोन घ्यायचे, एका आठवड्याच्या आत दोन्ही ऐकायचे, एक निवडायचा, कारण एका ओळीत लिहायचं. पाच अल्बमांच्या दहा जोड्या होतात. एका दिवशी दोन अल्बम ऐकू नका, दुसऱ्यावर अन्याय होतो. कामावरून दमून आलेल्या दिवशीही नको, तेव्हा सगळंच संथ वाटतं. इकडे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि पाऊस रिपरिप चालूच असतो, त्यामुळे वेळ आणि वातावरण दोन्ही आयतं होतं.

सगळ्या जोड्या झाल्यावर तक्ता मांडला. 'सर्पंट' सगळ्यांशी हरला, शून्य विजय. 'पेल फोकलोअर'ने फक्त त्याला हरवलं, एक विजय. आणि वरच्या तिघांचे प्रत्येकी तीन! 'द मँटल'ने 'मॅरो'ला हरवलं होतं, 'मॅरो'ने 'अ‍ॅशेस'ला, आणि 'अ‍ॅशेस'ने 'द मँटल'ला. गोल फिरून पुन्हा तिथेच. मित्राला कळवलं तर तो इतका हसला की फोन ठेवावा लागला. मतदानात असं वर्तुळ होऊ शकतं हे फ्रेंच गणिती कोंडोर्से याने १७८५मध्येच लिहून ठेवलंय. त्याच्याकडे निदान पुष्कळ मतदार होते. इथे मत देणारा मी एकटा.

वाट वहीतच सापडली. तीन निकालांपुढच्या तीन ओळी वाचल्या. 'द मँटल' 'मॅरो'ला भारी का, तर 'चाली गुणगुणता येतात'. 'मॅरो' 'अ‍ॅशेस'पेक्षा वर का, तर 'आवाज खरा वाटतो, धोका पत्करलाय'. 'अ‍ॅशेस'ने 'द मँटल'ला का हरवलं, तर 'रिफ'. प्रत्येक वेळी मोजपट्टी वेगळी होती. तुमच्याही यादीत असं वर्तुळ झालं तर पुन्हा पुन्हा ऐकत बसू नका, आधी कारणांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवा. मग तिघांना एकच प्रश्न विचारायचा. मी निवडलेला प्रश्न असा: या अल्बममधली कुठली मिनिटं कापली तरी माझी तक्रार नसेल? ज्यातून कमी कापलं जाईल तो वर.

तीन अल्बम, पेन्सिल, वही, जानेवारीचा दुसरा शनिवार-रविवार मोकळा. आणि नेमकं १३ जानेवारीला वादळ. कोलंबिया नदीच्या दरीकडून गोठवणारा पूर्वेचा वारा, भागात जागोजागी झाडं घरांवर, तारांवर. आमची वीज दुपारीच गेली. स्वेटरवर स्वेटर, त्यावर आईने विणलेली शाल, बायको दुसऱ्या पांघरुणात पुस्तक घेऊन, गॅसवर चहा तेवढा होत होता. फोन गाडीत बसून चार्ज करून आणायचा, फाइली त्यावर आधीच उतरवलेल्या होत्या, हेडफोन तोच. पातळी समान केलेल्या फाइली फोनवरही असू द्या हा सल्ला त्या दिवसापासून मी सगळ्यांना देतो.

'अ‍ॅशेस'मधून शेवटचा गुरगुराट पूर्ण गेला, शिवाय मधलं एक छोटं वातावरणनिर्मितीचं गाणं. 'द मँटल'मधून मधल्या लांब वाद्यसंगीताची चारेक मिनिटं. काढताना हात जड झाला, पण तिथे तीच चाल एक फेरी जास्त फिरते हे खरंच आहे. 'मॅरो' रात्री ऐकला. सतरा मिनिटांच्या गाण्यात एकदा पेन्सिल टेकवली, कारण त्याचा शेवट लांबतो. मग पुढचं गाणं सुरू झालं आणि लक्षात आलं की तो लांबलेला शेवट नसता तर हे गाणं इतकं मोकळं वाटलं नसतं. पेन्सिल उचलली. कापलं काहीच नाही.

वीज सोमवारी आली, मंगळवारी पुन्हा बर्फाचा पाऊस आणि रस्ते बंद. पुढचे दोन आठवडे मुद्दाम काहीच ऐकलं नाही. यादी तयार झाल्यावर असा खंड ठेवा. मग बायकोला बसवलं. प्रत्येक अल्बममधला कुठलाही तीन मिनिटांचा तुकडा तिने मला न सांगता लावायचा आणि मी एवढंच सांगायचं, पुढे चालू ठेवावंसं वाटतंय का. तिने 'सर्पंट'मधला अकूस्टिक तुकडा लावला तेव्हा मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग शेवटून पहिला कसा?" प्रश्न रास्त आहे. तो तुकडा सुंदरच आहे, त्याच्या आजूबाजूला जे आहे त्यात माझं मन रमत नाही, आणि आम्ही अख्खा अल्बम मोजायचं ठरवलं होतं. क्रम तसाच ठेवला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेली अंतिम यादी:

'मॅरो ऑफ द स्पिरिट', 'द मँटल', 'अ‍ॅशेस अगेन्स्ट द ग्रेन', 'पेल फोकलोअर', 'द सर्पंट अँड द स्फिअर'.

नवख्या माणसाने मात्र याच क्रमाने ऐकू नये. 'मॅरो'ने सुरुवात केलीत तर दुसऱ्या गाण्यावर पळून जाल. 'द मँटल' आधी, शक्यतो पावसात आणि घाईत नसताना. मग 'अ‍ॅशेस'. 'मॅरो' नंतर. बाकीचे दोन बँड आवडला तरच.

मित्राचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. 'मॅरो' पहिला म्हणून त्याने मला चार शब्द ऐकवले, 'सर्पंट' शेवटचा म्हणून आणखी सहा. त्याच्या यादीत तो दुसरा आहे. कारणं विचारली तर म्हणाला, लिहितो सवडीने. अजून लिहितोय. दरम्यान त्याने पुढच्या हिवाळ्यासाठी वुल्व्ज इन द थ्रोन रूम या बँडचं नाव सुचवलंय, शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाचे. त्यांचे अल्बम सात, म्हणजे एकवीस जोड्या. त्यातला २०१४चा 'सेलेस्टाइट' मुख्यतः सिंथेसायझरचा आहे, ना ड्रम्स ना किंचाळणं. तो मोजायचा की नाही यावर आमची बोलणी सध्या फिसकटली आहेत.